चंद्रीपुढचं पान

पितृपक्ष लागला की मुलुंडच्या त्या देवळासमोरचा फुटपाथ माझ्या डोळ्यांसमोर येतो आणि पंधरा दिवस तिथेच राहतो. पोलीस खात्यात असताना मी खून पाहिले, दरोडे पाहिले, रुळांवरून मृतदेह उचलले. त्यातलं बरंचसं विसरलो. एका गाईच्या मृत्यूचा तपास मात्र विसरता आलेला नाही. स्वेच्छानिवृत्ती घेताना अर्जात मी ‘कौटुंबिक कारण’ लिहिलं होतं. खरं कारण या तपासात आहे. यात मी कुणाचंही नाव घेणार नाही. ज्यांची नावं घ्यायला हवीत त्यांतलं पहिलं नाव माझंच आहे.

तेव्हा मी मुलुंड भागातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. आमच्या हद्दीत बाजाराच्या रस्त्यावर एक देऊळ आहे. देवळाच्या दाराजवळ एक बाई गाय घेऊन बसायची. मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्यांना हे दृश्य नवीन नाही. बाई सकाळी तबेल्यातून गाय आणते, शेजारी हिरव्या गवताच्या पेंढ्या रचते, येणारेजाणारे पेंढी घेतात, गाईला भरवतात, शेपटीला हात लावून तो कपाळाला लावतात आणि कामावर जातात. या गाईचं नाव चंद्री. पांढरी, कपाळावर तपकिरी ठिपका. बाईला सगळे मावशी म्हणत.

मावशीपासून दहा फुटांवर एक चपला शिवणारा बसायचा. वय पन्नाशीच्या पुढचं, डोक्यावर जुनी छत्री बांधलेली, पुढ्यात लाकडी पेटी. मी त्याला काका म्हणायचो. माझ्या ड्युटीच्या बुटांना आठवड्यातून दोनदा तोच पॉलिश करायचा. “साहेब, टाच डावीकडून झिजतेय. तुम्ही रागात चालता,” असं एकदा म्हणाला होता. मी हसलो होतो.

काका आणि मावशी यांचं भांडण सगळ्या रस्त्याला माहीत होतं. गाईचं मूत वाहत काकाच्या पेटीखाली जायचं. काका ओरडायचा, “मावशे, तुझी देवी माझ्या धंद्यावर मुततेय!” मावशी म्हणायची, “पवित्र आहे रे, शिंपड अंगावर, अक्कल येईल.” लोक हसायचे. दुपारी दोघं एकाच थर्मासमधला चहा प्यायचे.

सर्वपित्री अमावास्येच्या दिवशी माझी दुपारची ड्युटी होती. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. आईनं पहाटेपासून स्वयंपाक केला: खीर, उडदाचे वडे, अळूची भाजी, भात, वरण. गाईचं पान वेगळं काढलं, केळीच्या पानात बांधून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “जाताना गाईला घाल. तिनं खाल्लं की फोन कर, मग मी तोंडात घास घालीन.” गाईनं खाल्ल्याशिवाय घरातलं कुणी जेवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आईला मधुमेह होता. तिनं उपाशी राहू नये म्हणून मी गणवेश घालून लवकरच निघालो.

देवळापाशी साडेबाराला पोहोचलो तर रांग पार कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत गेलेली. प्रत्येकाच्या हातात पान, द्रोण नाहीतर स्टीलचा डबा. मराठी घरांतले वडे आणि खीर, गुजराती घरांतला दूधपाक आणि पुऱ्या. पंधरवडाभर हेच चाललं होतं, आणि आज शेवटचा दिवस म्हणून सगळ्या गावाचे पितर एकदम आले होते. चंद्रीच्या पुढ्यात अन्नाचा ढीग साचला होता. ती मान वळवून उभी होती. तोंडातून लाळ गळत होती.

मी गणवेशात होतो, त्यामुळे रांगेनं मला वाट दिली. मी ती घेतली.

मावशीनं हात जोडले. “साहेब, तुम्ही तरी नका घालू. परवापासून नीट खात नाही ती. पोट बघा कसं नगाऱ्यासारखं झालंय. मी सकाळपासून सगळ्यांना नको नको म्हणतेय, तर मला शिव्या देतात. म्हणतात, आमच्या बापाचा घास अडवणारी तू कोण?”

“मावशी, माझी आई उपाशी बसलीय घरी,” मी म्हणालो. “एक घास. एवढा तोंडाला लावा.”

“साहेब...”

“अहो, तोंड धरा तिचं जरा.”

साहेबांनी सांगितलं म्हटल्यावर मावशीनं चंद्रीचा जबडा धरला. मी वडा आत सारला. मग खिरीत कालवलेला भात. तिनं तो कसाबसा गिळला. मी तिच्या कपाळावरच्या ठिपक्याला हात लावून नमस्कार केला आणि तिथूनच फोन लावला. “खाल्लं गं. जेव आता.”

चारच्या सुमाराला कंट्रोल रूमकडून कॉल आला: देवळासमोर गाय मेली, जमाव जमलाय. मी आणि चार शिपाई पोहोचलो तेव्हा रस्ता पूर्ण बंद होता. मेट्रोच्या खांबाच्या कामामुळे आधीच अर्धा रस्ता पत्र्यांनी अडवलेला, उरलेल्या अर्ध्यात दोन-अडीचशे माणसं. चंद्री कुशीवर पडलेली, चारी पाय ताठ, तोंडाला फेस. कुणीतरी तिच्या अंगावर हार घातले होते, कुणी अगरबत्ती लावली होती. एक बाई हुंदके देत होती. मावशी गाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

“फेस आलाय म्हणजे विष!” मागून कुणीतरी ओरडलं. त्यानंतर ‘विष’ सोडून दुसरा शब्द ऐकायला आला नाही. जो तो मोबाईल उंच धरून चित्रण करत होता. पाच मिनिटांत ते व्हिडिओ हद्दीबाहेर गेले होते.

पंचनामा करताना देवळाजवळचा नारळ-फुलांचा स्टॉलवाला माझ्या कानाशी आला. तो आमचा जुना बातमीदार. हद्दीत नवं कुणी राहायला आलं, कुणी दारूचा अड्डा टाकला, की आधी त्याला कळायचं. तो म्हणाला, “साहेब, चपलावाल्याला बघा. मागच्याच आठवड्यात म्हणाला होता, या गाईला एक दिवस काहीतरी घालतो म्हणून. मी कानानं ऐकलंय. आणि गाय मेली तर फायदा कुणाचा, तुम्हीच विचार करा. चामड्याचा धंदा आहे.”

जात त्यानं उच्चारली नाही. उच्चारायची गरजच नव्हती. जमावात मी आणखी तिघांना विचारलं, तिघांनीही तेच बोट दाखवलं. एकानंही काही पाहिलेलं नव्हतं. एवढी माणसं न बघता एकच नाव सांगतात तेव्हा पोलिसानं त्या नावापेक्षा सांगणाऱ्यांकडे बघायला हवं, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. पण त्या संध्याकाळी ते नाव मला सोयीचं वाटलं.

ठाण्यात मोठे साहेब वाटच बघत होते. “उद्या घटस्थापना आहे. हद्दीत सतरा मंडप उभे आहेत,” ते म्हणाले. “हे पेटलं तर नवरात्र आपल्याला रस्त्यावर काढावं लागेल. सात वाजायच्या आत कुणीतरी आत पाहिजे. नाव आहे ना तुझ्याकडे?”

“आहे सर.”

“मग वाट कसली बघतोस?”

काकाला दोन शिपाई घेऊन आले. पायांत चप्पल नव्हती. जमावानं वाटेतच त्याचा सदरा फाडला होता. त्याच्या पेटीतून जप्त केलेला माल टेबलावर मांडला: रापी, आरी, दोऱ्याचं रीळ, पॉलिशच्या डब्या आणि तळवे चिकटवायच्या सोल्युशनचा अर्धा डबा. पंचनाम्यात मी त्या डब्यापुढे लिहिलं, ‘उग्र वासाचा संशयित पदार्थ’. तोच डबा उघडून त्यानं माझे बूट कितीदा चिकटवले होते.

“साहेब, काय झालं मी सांगू का?” तो म्हणाला. “मी तिथंच होतो सकाळपासून. काय बघितलं ते सांगतो.”

“तू काय बघितलंस ते नको सांगूस,” मी म्हणालो. “तू काय केलंस ते सांग.”

आदल्या दिवशीपर्यंत मी त्याला काका म्हणत होतो, तुम्ही म्हणत होतो. ‘तू’ माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की माझं मलाही कळलं नाही. त्याला कळलं.

पुढचा दीड तास मी सविस्तर लिहीत नाही. हवालदारानं दोन कानफटात मारल्या, मी बघत होतो. पाणी मागितलं, मी दिलं नाही. शेवटी मी म्हणालो, “तुझ्या मुलीला बोलावू का इथं? तिलाच विचारतो, बाप काय बोलत होता घरी.” त्याची मुलगी नर्सिंगला होती. हे मला माहीत होतं, कारण पॉलिश करता करता त्यानंच कौतुकानं सांगितलं होतं.

तो म्हणाला, “तिला नको. लिहा साहेब. मी घातलं.”

“काय घातलंस?”

“तुम्हाला काय लिहायचंय?”

मी सोल्युशनच्या डब्याकडे बघितलं. त्यानंही बघितलं. “बरं, ते लिहा,” तो म्हणाला.

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात पुरावा होत नाही, हे नवा शिपाईही सांगेल. पण रस्त्यावरच्या जमावाला ती पुरते. सात वाजायच्या आत मोठ्या साहेबांनी बाहेर जाऊन सांगितलं, आरोपी ताब्यात आहे. बाहेर घोषणा झाल्या. आमच्या नावानंसुद्धा झाल्या.

मावशीचा जबाब त्याच संध्याकाळी घेतला. महिला शिपाई शेजारी बसली होती, लिहीत होतो मी. मावशी सांगत होती, “पंधरा दिवस तिला गवत मिळालंच नाही साहेब. नुसता भात, पुऱ्या, खीर. मी लोकांना नको म्हणत होते. तुम्हालाही म्हणाले ना? तुम्हीच म्हणालात तोंड धर म्हणून.”

माझं पेन थांबलं. महिला शिपायानं माझ्याकडे बघितलं आणि लगेच खिडकीकडे नजर वळवली.

“ते राहू दे,” मी म्हणालो. “चपलावाल्याशी तुझं भांडण होतं की नाही?”

“भांडण कसलं? रोजची बडबड ती. त्यानं नाही केलं हो काही.”

“होतं की नाही, एवढंच सांग.”

“...होतं.”

मी लिहिलं: ‘सदर इसमाशी माझे शेण व मूत्रावरून वारंवार वाद होत असत.’ शेवटी आम्ही प्रत्येक जबाबाखाली लिहितो तेच वाक्य लिहिलं: ‘माझा वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’ वाचून दाखवला नव्हता. तिनं अंगठा उमटवला. तपास बिघडला तो त्या अंगठ्यापाशी, आणि तो मी समजूनउमजून बिघडवला.

तिसऱ्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यातून शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टर बाईंचा फोन आला. स्पष्ट बोलणाऱ्या होत्या.

“तुमच्या कागदावर विषाचा संशय लिहिलाय. कुणी काढला हा संशय?”

“लोकांचं म्हणणं...”

“लोकांनी गाय उघडून बघितली का? मी बघितलीय. विष-बिष काही नाही. गाईला रवंथ करायला गवत लागतं हो, दूधपाक नाही. पंधरा दिवसांचा भात, पिठाचे गोळे, पुऱ्या आंबून पोटात नुसता चिखल झालाय. वर चार-पाच प्लॅस्टिकच्या पिशव्या. दोन-तीन दिवस तडफडत असणार. शेवटी पोट फुगून छातीवर दाब आला, संपली.”

“मग मॅडम, जबाबदार कोण लिहायचं?”

“रांग लिहा,” त्या म्हणाल्या. “आणि हो, शेवटचं जे कुणी घातलं ना, ते चघळलेलंसुद्धा नाही. तसंच पडलंय वर. उडदाचा वडा आणि खिरीत कालवलेला भात. इतकी फुगलेली गाय स्वतः खात नाही. कुणीतरी तोंड उघडून कोंबलंय. असली कसली भक्ती करता तुम्ही लोक?”

मी म्हणालो, “रिपोर्ट पाठवा मॅडम,” आणि फोन ठेवला.

अहवाल घेऊन मोठ्या साहेबांकडे गेलो. त्यांनी तो शांतपणे वाचला. “बरं झालं, मिटलं. सोडून देऊ त्याला. पण आज नको. अजून वातावरण गरम आहे. परवा कोर्टात नेशील तेव्हा जामिनाला विरोध करू नकोस, म्हणजे झालं.” मी “होय सर” म्हणालो. अहवाल टेबलाच्या खणात पडून राहिला आणि निर्दोष माणूस आणखी दोन दिवस आत राहिला. त्या दोन दिवसांत मी लॉकअपच्या बाजूनं एकदाही गेलो नाही. ठाणे अंमलदाराला सांगून त्याला बाहेरचा चहा पाठवत होतो. तो परत येत होता, न पिताच.

पुढे प्रकरण ‘सी समरी’नं बंद झालं. म्हणजे गुन्हा गैरसमजातून दाखल झाला होता, असा शेरा. कागदावर तो एकच शब्द उरला, गैरसमज. कुणाचा, ते लिहायला रकाना नसतो.

जामिनावर सुटला तेव्हा काका आपल्या जागेवर गेला. लोकांनी त्याची पेटी फोडून टाकली होती, छत्री नाल्यात होती. देवळाचे विश्वस्त त्याला नीट समजावत म्हणाले, “तुम्ही काही केलं नाहीत हे आम्हाला मान्य आहे हो, पण उगाच भाविकांच्या मनात नको.” त्यांच्या हातात डॉक्टरांच्या अहवालाची प्रत होती, ती मीच नेऊन दिली होती. वाचून त्यांनी घडी घातली आणि देणगीच्या पावत्यांखाली ठेवली. त्या रांगेतल्या एकालाही आपलं काही चुकलं असं वाटलं नाही. आठवड्याभरात मावशीनं तबेल्यातून दुसरी गाय आणली आणि काकाच्या जागेवर नारळवाल्याचा स्टॉल तीन फूट पसरला. मी त्याला काही बोललो नाही. तो माझाच बातमीदार होता.

पुढच्या वर्षी अमावास्येला आईनं पुन्हा पान दिलं. देवळापाशी तीच रांग, तेच डबे. मावशी नव्या गाईपुढे उभी राहून म्हणत होती, “घाला, घाला, हळूहळू घाला.” ‘नको’ म्हणणं तिनं सोडून दिलं होतं. गाय मेल्यानंतर काय होतं ते तिनं बघितलं होतं. मी पान पिशवीतच ठेवलं, कोपऱ्यावर जाऊन आईला फोन केला आणि म्हणालो, “खाल्लं गं.”

त्यानंतर दोन वर्षांनी मी नोकरी सोडली. काकाला शोधायला मात्र आणखी सहा महिने लागले. ठिकाण कळायला वेळ लागला नव्हता. मला धीर होत नव्हता. भांडुपला एका पुलाखाली तो बसत होता. पेटी नव्हती. जमिनीवर गोणपाट, त्यावर हत्यारं. मी समोर उभा राहिलो तर त्यानं आधी माझ्या बुटांकडे बघितलं, मग वर.

“बसा साहेब,” तो म्हणाला. बसायला त्यानं एक उलटी बादली पुढे केली.

मुलीचं विचारलं. तो म्हणाला, “नर्स झाली. माझ्याशी बोलत नाही. तिच्या कॉलेजात मला धरून नेतानाचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितला होता. मी केलं नाही हे तिला ठाऊक आहे. पण म्हणते, मग कबूल का केलंस? आता तिला काय सांगू, तुझ्यासाठी म्हणून?”

मला तेवढ्यावरच उठून जावंसं वाटलं. पण मी जे सांगायला आलो होतो ते सांगितलं. त्या दिवशी मीही पान घातलं होतं, मावशीला तोंड धरायला लावलं होतं, आणि ते मी जबाबातून गाळलं.

तो एका सँडलचा पट्टा शिवत होता. हात थांबला नाही.

“माहितीये मला,” तो म्हणाला.

“माहितीये? कसं?”

“दहा फुटांवर बसायचो ना मी. ती मान हलवत होती, तुम्ही घास आत सारला, मग फोन केलात. सगळं बघितलं.”

“मग ठाण्यात बोलला का नाहीत?”

त्यानं दोरा दातानं तोडला. “बोलतच होतो की. काय बघितलं ते सांगू का, म्हटलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, ते नको. मला वाटलं, साहेबांना माहितीये मी काय सांगणार ते, म्हणून तोंड बंद करतायत.”

शपथेवर सांगतो, त्या क्षणी ठाण्यात माझ्या मनात तसं काही नव्हतं. निदान आजवर मी तसंच समजत आलो होतो. पुलाखाली त्या बादलीवर बसून मी खूप वेळ विचार केला आणि मला खात्री देता आली नाही. आजही देता येत नाही.

निघताना त्यानं विचारलं, “बूट द्यायचेत का?”

“नको,” मी म्हणालो.

“बरं केलंत,” तो म्हणाला, आणि पुढचं गिऱ्हाईक बघू लागला.

या तपासानं मला काय शिकवलं असं कुणी विचारेल. गर्दी हात जोडून उभी असते तेव्हा तिला आपल्या हातून काही वाईट घडेल असं वाटतच नाही. म्हणून घडलेल्या वाईटासाठी तिला लगेच दुसरा माणूस लागतो, आणि तो तिला नेहमी त्याच वस्तीत सापडतो. पण हे गर्दीबद्दल झालं. गर्दीबद्दल बोलणं सोपं असतं. मी त्या दिवशी रांगेतही नव्हतो, रांग मोडून पुढे गेलो होतो. आणि ज्या एका माणसानं सगळं पाहिलं होतं, त्याला साक्षीदार करण्याऐवजी मी आरोपी केलं.

त्या गुन्ह्याच्या कागदांत एक जबाब कमी आहे, माझा. तो इतक्या वर्षांनी इथे लिहिला आहे. वाचून पाहिला, बरोबर आहे. या वेळी काही गाळलेलं नाही.